पुन्हा खेळून दाखवा

कळवण तालुक्यात पाऊस ओसरला, गिरणा आणि पुनदच्या काठची रानं वाफशावर आली, की उन्हाळ कांद्याचं उळं टाकायची घाई सुरू होते. एकाच घरचं उळं दोन भावांनी वाटून घेतलं तरी एकाची चाळ भरते आणि दुसऱ्याच्या शेतात डोंगळे फुटतात. लावणीची तारीख, थंडीचा जोर, पाण्याची पाळी, आणि शिवाय ज्याला नाव देता येत नाही असंही काही. म्हणून जाणता शेतकरी एका शेतावरून बियाण्याला चांगलं किंवा वाईट म्हणत नाही. चार शेतं बघतो, दोन हंगाम थांबतो.

संगणकात खेळ शिकणाऱ्या प्रोग्रामलाही असंच बी लागतं. त्याला ‘सीड’च म्हणतात. हे बी म्हणजे एक साधा आकडा. त्यातून यदृच्छेने पडल्यासारख्या आकड्यांची मालिका उगवते, आणि शिकाऊ यंत्र सुरुवातीला कोणती चाल करून बघेल, कोणत्या चुका आधी करेल, हे त्या मालिकेवर ठरतं. आकडा बदलला की यंत्राचं सगळं शिक्षण बदलू शकतं. तरीही ही यंत्रं घडवणारे जगातले हुशार लोक बराच काळ तीन किंवा पाच शेतांवरून बियाण्याचा निकाल देत होते. ही चूक कशी झाली, कशी उघडी पडली आणि कशी सावरली गेली, त्याची ही हकीकत. ती सावरण्यात पवईत शिकलेल्या एका तरुणाचा मोठा वाटा आहे.

शेतीने हा धडा फार आधी गिरवला होता. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेतकी केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात प्रयोगाची शिस्त घालून दिली. एकच वाण अनेक तुकड्यांत लावायचं, कोणता तुकडा कोणत्या वाणाला जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, आणि मगच फरक खरा की योगायोगाचा हे मोजायचं. आपल्याकडे ही शिस्त रुजवणाऱ्यांत दोन मराठी नावं ठळक आहेत: वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९५४ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने दोघांचा संख्याशास्त्राचा ग्रंथ काढला. कृषी महाविद्यालयांत आजही तो नुसता ‘पानसे-सुखात्मे’ म्हणून ओळखला जातो आणि असंख्य प्रबंधांच्या संदर्भसूचीत असतो. पीक विम्याच्या निमित्ताने शेतकऱ्यांना जो पीक कापणी प्रयोग माहीत झाला, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. तिथे शेत आणि शेतातला तुकडा कुणाच्या मर्जीने निवडायचा नसतो, तो आकड्यांच्या तक्त्याने निवडायचा असतो.

खेळणाऱ्या यंत्रांच्या दुनियेत ही शिस्त यायला मात्र साठ वर्षं लागली.

सुरुवात चेकर्सच्या पटावर झाली. आयबीएम कंपनीतल्या आर्थर सॅम्युएल यांनी चेकर्स शिकणारा प्रोग्राम लिहिला आणि १९५९ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. प्रोग्राम स्वतःच्याच दुसऱ्या प्रतीशी खेळे आणि पटावरच्या कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं ते हळूहळू दुरुस्त करी. १९६२ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट नीली नावाच्या अंध खेळाडूशी त्याचा एक डाव झाला आणि यंत्र जिंकलं. एक डाव! यंत्राने उस्तादाला हरवल्याची बातमी सगळीकडे पसरली आणि चेकर्स हा सुटलेला प्रश्न मानला जाऊ लागला. १९६६ मध्ये त्या प्रोग्रामला वॉल्टर हेलमन आणि डेरेक ओल्डबरी या त्या काळच्या अव्वल खेळाडूंसमोर बसवलं. प्रत्येकाशी चार डाव झाले. यंत्र आठही डाव हरलं. ही दुसरी बातमी पहिलीइतकी पसरली नाही. पुढच्या पन्नास वर्षांत असंच पुनःपुन्हा घडत राहिलं.

त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये डोनाल्ड मिची यांनी जे केलं ते मला सॅम्युएल यांच्या कामापेक्षाही मोलाचं वाटतं. मिची दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये सांकेतिक संदेश फोडण्याच्या कामावर होते, ॲलन ट्युरिंग यांचे सोबती. १९६१ मध्ये हाताशी संगणक नव्हता म्हणून त्यांनी ३०४ काडेपेट्या जमवल्या. फुली-गोळ्याच्या खेळात समोर येऊ शकणाऱ्या प्रत्येक स्थितीसाठी एक पेटी. पेटीत रंगीत मणी, एकेक रंग म्हणजे पटावरचं एकेक घर. आपली पाळी आली की त्या स्थितीची पेटी हलवायची, जो मणी बाहेर येईल त्या घरात खूण करायची. डाव जिंकला तर वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्याच रंगाचे तीन मणी वाढवायचे, बरोबरी झाली तर एक, हरला तर वापरलेला मणी काढून घ्यायचा. मिची यांच्याशी झालेल्या पहिल्या लढतीत २२० डाव झाले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत काडेपेट्या खेळायला शिकल्या.

रीइन्फोर्समेंट लर्निंग म्हणजे बक्षिशीतून शिकणं, ते एवढंच. आजची प्रचंड यंत्रंही गाभ्यात मणी घालण्याचं आणि काढण्याचंच काम करतात. काडेपेट्यांचा आणखी एक गुण होता. तो प्रयोग कुणालाही पुन्हा करता येतो. कळवणच्या एखाद्या शाळेत मुलांनी पेट्या आणल्या, मणी आणले, तर आठवडाभरात त्यांचं स्वतःचं यंत्र तयार होईल. दोन वर्गांनी दोन संच केले तर सुरुवातीला दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी जातील, कारण पहिले मणी कोणते हाती येतील हे नशिबावर आहे. एका संचाच्या खेळावरून ‘काडेपेट्या अमुक इतक्या डावांत शिकतात’ असं ठरवता येणार नाही, हे मुलांनाही कुणी न सांगता समजेल.

१९९२ मध्ये आयबीएमच्याच जेराल्ड टेसॉरो यांचा टीडी-गॅमन आला. बॅकगॅमन हा फाशांचा खेळ, आपल्या सोंगट्यांच्या जवळचा. या प्रोग्रामने स्वतःशी लाखो डाव खेळून, नंतरच्या आवृत्तीत तर पंधरा लाख डाव खेळून, इतकी तयारी केली की उस्तादांनी त्याच्याकडे बघून आपल्या सुरुवातीच्या चाली बदलल्या. हीच रीत मग इतर खेळांना लावून बघितली गेली, पण तसं यश आलं नाही. यंत्र जिंकलं होतं हे पक्कं, पण का जिंकलं होतं? १९९८ मध्ये जॉर्डन पोलॅक आणि ॲलन ब्लेअर यांनी एक साधा प्रयोग केला. टेसॉरो यांचं बारीक गणित त्यांनी बाजूला ठेवलं. यंत्रात थोडा यदृच्छेने बदल करायचा, बदललेलं यंत्र जुन्याला हरवत असेल तर त्या दिशेने सरकायचं, एवढंच केलं. टीडी-गॅमनच्या उंचीला ते पोचलं नाही, पण बरंच वर गेलं. म्हणजे यशातला काही भाग खेळाचाच होता: फासा यंत्राला आपोआप पटावरच्या नव्या नव्या जागी नेतो, एकाच खोड्यात अडकू देत नाही. नुसत्या जिंकण्यातून हे कधीच कळलं नसतं.

गणिताच्या अंगाने पायाभरणीही याच काळात चालली होती, आणि तिथे मुंबईचं एक नाव जगभर घेतलं जातं: विवेक श्रीपाद बोरकर. १९९७ मध्ये त्यांनी दोन वेगांनी चालणाऱ्या शिकण्याच्या पद्धतीचा अभ्यास मांडला आणि २००० मध्ये शॉन मेन यांच्यासोबतचा त्यांचा निबंध आला. अडखळत, डुलत, चुका सुधारत जाणाऱ्या यंत्राची वाट लांबून पाहिली तर एका सलग समीकरणाच्या वाटेला धरून असते, आणि अमुक अटी पाळल्या तर ते यंत्र भरकटत नाही, हे त्यांनी दाखवलं. अटी मात्र पाळायला हव्यात. बहुस्तरीय न्यूरल नेटवर्क जोडलं की त्यातल्या बऱ्याच अटी हातून निसटतात. २०१३ नंतर जे घडलं ते या निसटलेल्या जमिनीवर.

डिसेंबर २०१३ मध्ये लंडनच्या डीपमाइंड या लहानशा कंपनीने सात अटारी खेळ शिकणाऱ्या यंत्राचा निबंध मांडला. १९७७ चं अटारी म्हणजे नव्वदीत टीव्हीला जोडून खेळायचे जे व्हिडिओ गेम आपल्याकडे आले, त्यांचा थोरला भाऊ. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या मार्क बेलमेर आणि त्यांच्या साथीदारांनी हे जुने खेळ संगणकात बसवून संशोधकांसाठी खुले केले होते. २०१५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये डीपमाइंडचा मोठा निबंध आला. ४९ खेळ, सगळ्यांना एकच पद्धत. यंत्राला नियम सांगितले नव्हते. पडद्यावरचे ठिपके, वाढणारे गुण आणि दांड्याच्या १८ हालचाली, बस. प्रत्येक खेळात त्याने पाच कोटी चित्रं पाहिली, म्हणजे सलग ३८ दिवसांचा खेळ. ४९ पैकी २९ खेळांत ते कसलेल्या माणसाच्या तीन चतुर्थांश गुणांपर्यंत किंवा पुढे पोचलं. विटांची भिंत फोडायच्या ब्रेकआउटमध्ये तर कडेने बोगदा पाडून चेंडू भिंतीमागे सोडायची युक्ती त्याला सापडली. ‘मॉन्टेझुमाज रिव्हेंज’मध्ये त्याला शून्य मिळाले, कारण तिथे पहिलं बक्षीस हाती येण्याआधी लांबलचक योग्य चाली कराव्या लागतात.

जगभरचे विद्यार्थी हे यंत्र स्वतः बांधायला बसले, आणि ते बांधता येईना.

बांधणाऱ्यांची कुवत कमी नव्हती. मे २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ओपनएआयने आपल्या प्रयत्नांची प्रांजळ कहाणी सांगितली. ‘सीक्वेस्ट’ खेळात पाणबुडीने मासे टिपायचे असतात. यंत्र काही केल्या नीट शिकेना. शेवटी माणसांनी यंत्राच्या डोळ्यांनी पडदा पाहिला. रंगीत चित्र करड्या छटांत बदलताना हिरव्याचं प्रमाण चुकलं होतं, आणि मासे पाण्यात विरघळून दिसेनासे झाले होते! प्रोग्राम कुठेही बंद पडला नव्हता, कसलीही चूक दाखवत नव्हता. तो निमूटपणे न दिसणाऱ्या माशांशी खेळत होता. त्यांनी इतरांनी बांधलेली दहा लोकप्रिय यंत्रं पाहिली, त्यांपैकी सहांमध्ये अशाच लपलेल्या चुका निघाल्या होत्या.

एक चूक तर भाषेची होती. ‘नेचर’मधल्या निबंधात म्हटलं होतं की यंत्राची चूक उणे एक ते एक यांच्या दरम्यान छाटली की फायदा होतो. याचे दोन अर्थ निघतात. पहिला असा की चुकीचं मापच कापून टाकायचं. तसं केलं तर मोठी चूक झाली की यंत्र काहीच शिकत नाही. दुसरा असा की चूक दुरुस्त करताना उचलायचं पाऊल फार मोठं होऊ द्यायचं नाही. बरोबर अर्थ दुसरा. पहिला धरून बांधलेलं यंत्र चालतं, पण लंगडत. एका वाक्याच्या वाचनावर इतकं अवलंबून असेल तर निबंध म्हणजे कृती नव्हे. आजीच्या हातची चव ‘अंदाजे मीठ’ एवढ्या सूचनेने सुनेच्या हाती उतरत नाही, तसंच हे.

मग आणखी खोल प्रश्न वर आले. जुन्या अटारीत स्वतःचा असा कसलाही योगायोग नाही. त्याच क्षणी तीच कळ दाबली तर खेळ अगदी तसाच पुढे जातो. तेव्हा पडद्याकडे न बघता नुसती कळांची मालिका पाठ करूनही भरपूर गुण मिळवता येतात, आणि ते करून दाखवलं गेलं. ज्याला आपण खेळ समजणं म्हणत होतो त्यात पाठांतर किती? मार्लोस मशादो, बेलमेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय सुचवला: शंभरातल्या पंचवीस वेळा यंत्राची नवी चाल बाजूला ठेवून आधीचीच चाल पुन्हा होऊ द्यायची, म्हणजे घोकलेलं निरुपयोगी ठरेल. २०१७ मध्येच व्हिकेरियस या कंपनीतल्या संशोधकांनी ब्रेकआउटची फळी किंचित वर सरकवली. माणसाला तो फरक जाणवलाही नसता. तयार झालेलं यंत्र त्या एवढ्याशा बदलाने गडबडलं. बोगद्याची युक्ती सापडली हे खरं, पण फळी म्हणजे काय, चेंडू म्हणजे काय, हे त्याला आपल्यासारखं कळलं होतं असं म्हणायला आधार उरला नाही.

सगळ्यात मोठा धक्का मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून आला. पीटर हेंडरसन, जोएल पिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकातल्या एका धावणाऱ्या आकृतीला चालवणारं यंत्र दहा वेळा शिकवलं. यंत्र तेच, सगळी मापं तीच, फक्त बी वेगळं. मग दहांचे पाच-पाचचे दोन गट केले आणि प्रत्येक गटाची सरासरी काढली. दोन आलेख इतके वेगळे आले की कुणीही म्हणावं, या दोन निराळ्या पद्धती आहेत आणि पहिली दुसरीपेक्षा सरस आहे. पद्धत एकच होती. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्याआधीच्या कितीतरी ‘आमची पद्धत सरस’ अशा दाव्यांखालची जमीन हलली. पिनो तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी प्रसिद्ध निबंधांतले प्रयोग विद्यार्थ्यांनी पुन्हा करून बघण्याची स्पर्धा सुरू केली, आणि २०१९ मध्ये न्यूरिप्स या मोठ्या परिषदेत निबंध देणाऱ्यांपुढे तपासणीची यादी ठेवली: किती वेळा प्रयोग केला, कोणती मापं वापरली, कोड दिला का.

याच वर्षांत पुनर्बांधणीचा एक वेगळा, आनंदाचा प्रवाहही वाहत होता. २०१६ च्या मार्चमध्ये सोलमध्ये डीपमाइंडच्या अल्फागो या प्रोग्रामने ली सेडोल या उस्तादाला गो खेळात ४-१ ने हरवलं, २०१७ च्या डिसेंबरात अल्फाझीरो बुद्धिबळातही उतरलं, पण ते प्रोग्राम डीपमाइंडने बाहेर दिले नाहीत. मग लोकांनी निबंध वाचून ते नव्याने बांधले. फेसबुकच्या संशोधकांनी २,००० ग्राफिक प्रोसेसर नऊ दिवस चालवून, यंत्राला स्वतःशी दोन कोटी डाव खेळायला लावून गोचा प्रोग्राम बांधला आणि खुला केला. बुद्धिबळात तर लीला चेस झीरो हे यंत्र स्वयंसेवकांनी आपापल्या घरच्या संगणकांवर डाव खेळवून वाढवलं. २०१९ मध्ये त्याने संगणकांच्या अव्वल स्पर्धेत स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रामला हरवलं. आज ग्रँडमास्टर तयारीसाठी लीला वापरतात. २०२३ ची ग्रँड स्विस जिंकून २०२४ च्या कँडिडेट्सला गेलेला आमच्या नाशिकचा विदित गुजराथी ज्या पिढीचा, त्या पिढीचं बुद्धिबळ या यंत्रांच्या सहवासात घडलं आहे. कंपनीच्या कपाटात राहिलेला शोध सगळ्यांचा झाला तो पुन्हा बांधल्यामुळे.

पण नुसतं पुन्हा बांधून भागत नव्हतं. किती वेळा केलं म्हणजे पुरे, आणि मिळालेल्या आकड्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. इथे पवई येते. आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकलेले ऋषभ अगरवाल पुढे मॉन्ट्रियलला गूगलच्या संशोधन विभागात गेले. मॅक्स श्वार्त्झर, पाब्लो सॅम्युएल कास्त्रो, एरन कुरव्हिल आणि अटारीचे खेळ संशोधनात आणणारे तेच बेलमेर यांच्यासोबत त्यांनी ‘अटारी १०० के’ ही तेव्हाची लोकप्रिय कसोटी हाती घेतली. या कसोटीत यंत्राला २६ खेळांत प्रत्येकी फक्त एक लाख चाली, म्हणजे सुमारे दोन तासांचा खेळ मिळतो. निबंधकार बहुतेक तीन किंवा पाच, क्वचित दहा किंवा वीस वेळा प्रयोग करत, मग २६ खेळांच्या गुणांचा मध्यांक काढून त्या एका आकड्यावर पद्धतींची क्रमवारी लावत. अगरवाल आणि सहकाऱ्यांनी त्या पद्धती प्रत्येक खेळावर १०० वेळा चालवल्या.

जे दिसलं ते पानसे-सुखात्मे वाचलेल्या कुणालाही ओळखीचं वाटलं असतं. थोड्या प्रयोगांतून काढलेला मध्यांक इतका डुलत होता की क्रमवारी नशिबाने वरखाली होत होती. काही ठिकाणी तर गुण मोजायची रीतच निबंधागणिक बदलली होती, आणि त्या बदलालाच प्रगती समजलं गेलं होतं. मध्यांकाचं आणखी एक वैगुण्य असं की जवळजवळ निम्म्या खेळांत यंत्राला शून्य गुण मिळाले तरी तो हलत नाही. त्यांनी सुचवलेले उपाय साधे आहेत. सगळ्या फेऱ्यांचे गुण क्रमाने लावा, वरचा पाव आणि खालचा पाव सोडा, मधल्या निम्म्यांची सरासरी घ्या. एकच आकडा देऊ नका, तो कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला द्या. हे सगळं करून देणारं साधनही त्यांनी फुकट खुलं केलं. डिसेंबर २०२१ मध्ये न्यूरिप्सने या कामाला उत्कृष्ट निबंधाचा पुरस्कार दिला. त्यात नवं यंत्र नव्हतं, नवा विक्रम नव्हता. मोजायचं कसं, एवढंच होतं.

यातून एक नवी अडचण पुढे आली, आणि ती माझ्या मते अजून सुटलेली नाही. शंभर वेळा प्रयोग करायचा तर वीज आणि यंत्रं कुणाकडे? योहान ओबांदो-सेरोन आणि कास्त्रो यांनी २०२१ मध्येच हिशेब मांडला. अटारीच्या ५७ खेळांवर एकच पद्धत पाच वेळा तपासायची, प्रत्येक खेळाला प्रत्येक वेळी महागड्या प्रोसेसरवर सुमारे पाच दिवस लागतात, म्हणजे एकूण १,४२५ दिवस. हा खर्च चार-दोन कंपन्यांनाच झेपतो. बाकीच्यांनी त्यांचे आकडे मुकाट्याने मान्य करायचे? दोघांनी मग लहान खेळ निवडले: दहा बाय दहा घरांच्या पटावरचे, अल्बर्टाच्या संशोधकांनी अटारीवरून बेतलेले पाच छोटे खेळ. त्यांवर भरपूर वेळा प्रयोग करता येतात, आणि त्यांतून मोठ्या खेळांबद्दलचे निष्कर्षही तपासता येतात. चूक छाटायची ती मूळ युक्ती, जिच्या दोन अर्थांनी इतका गोंधळ घातला होता, तीही त्यांनी नव्याने तपासली. शिकण्याची गती सांभाळणारी नवी रीत वापरली तर छाटणी न करता चुकीचा साधा वर्ग धरणंच जास्त चांगलं ठरतं, असं त्यांना आढळलं. सहा वर्षं सगळे जण जी गोष्ट निबंधात आहे म्हणून पाळत होते, ती छोट्या पटावर पुष्कळ वेळा खेळून बघितल्यावर बदलली.